आंबटात भिजव रातभर: एका सुरीची काळी खपली काढताना

गावाहून आणलेली सुरी कागदातून सोडली तेव्हा नवऱ्याने विचारलं, "ही जळलीय का गं?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. भट्टीतून निघालेल्या लोखंडावर धरते ती काळी खपली अख्ख्या पात्यावर होती आणि तिच्यावर अडीच महिन्यांचा तांबडा गंज. तिला भाजी कापण्याजोगी करायला मला जूनपासून सप्टेंबर उजाडला. यातले निदान तीन आठवडे माझ्या स्वतःच्या चुकांचे आहेत. त्या चुकांसकट सगळं लिहिते आहे, कारण मला हे सांगणारं तेव्हा कुणी भेटलं नाही.

माझं माहेर गुहागर तालुक्यात. २०२५ च्या शिमग्याला गेले होते. होळी १३ मार्चला झाली आणि १७ तारखेला, सोमवारी, मी लोहारकाकांच्या शाळेपुढे उभी राहिले. लोहाराच्या कामाच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. लहानपणी आजीबरोबर कोयती शेवटून, म्हणजे पुन्हा धारेला आणून, घ्यायला तिथे जायचे. पुण्यात स्वयंपाकाला दुकानातल्या स्टेनलेसच्या सुऱ्या आहेत, पण भोपळा आणि फणस आला की त्यांचा जीव जातो. म्हणून मी कागदाची सुरी कापून नेली होती: पातं सहा इंच लांब, दीड इंच रुंद, मागे मुठीत जाणारी चार इंचांची शेपटी.

सहाच इंच का, तर भावाने घाबरवलं होतं. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीची आणि उद्योगाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, म्हणजे माझी सुरी तशीही बसली नसती. पण एसटीतून न्यायची वस्तू, कुठे कुणाला समजावत बसा. काकांना हे सांगितलं तर ते हसले. "भाजी चिरायला लायसन लागायला लागलं तर मग झालंच."

त्यांनी ट्रकच्या कमानीचा पाटा घेतला. कमानीचं पोलाद धारेला चांगलं, आणि भंगारात सहज मिळतं. लोखंड त्यांचंच धरून ४५० रुपये ठरले. १९ तारखेला संध्याकाळी पातं तयार होतं. काळं. "पाणी दिलंय," म्हणाले. ते पाणी गाडीच्या जळक्या ऑइलचं होतं, पण कडक करायला तापलेलं पातं तेलात विझवलं तरी लोहार त्याला पाणीच म्हणतो. वीज दुपारपासून गेलेली. "परवा ये, बाय. लाइट आली की ग्राइंडरला लावून पांढरी करून देतो, मूठही बसवतो." माझी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी होती. मी म्हटलं, राहू दे काका, मी घरी घासून घेईन.

घरी घासून घेईन, हे वाक्य मला नंतर बरेचदा आठवलं.

पुण्याला आल्यावर पातं वर्तमानपत्रात गुंडाळलेलंच, नारळांच्या गोणपाटात, ड्राय बाल्कनीत पडून राहिलं. मार्च अखेर, मग मुलाची परीक्षा, मग पाहुणे. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. २६ मेला तर मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. ७ जूनला, शनिवारी, नारळ काढायला गोणपाट उचललं तर ते दमट लागलं. आत कागद पात्याला चिकटला होता. सोलून काढला तर छापील अक्षरं गंजात उलटी उमटली होती. एका बाजूला "पाणीकपात" हा शब्द उलटा का होईना, चक्क वाचता येत होता.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती न कळल्यामुळे माझा पुढचा आठवडा गेला. पात्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. तांबडा गंज हा भुसभुशीत. राख आणि काथ्या घेऊन दहा मिनिटं घासल्यावर तो बराचसा निघाला. त्याच्याखालची काळी खपली मात्र ढिम्म. तारेच्या घासणीला तिने दाद दिली नाही. रॉकेल लावून झालं, ८० नंबरचा पॉलिश पेपर झाला. पेपरच गुळगुळीत झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. शेजारच्यांकडे ड्रिल मशिन आहे, त्याला लावायचा तारेचा ब्रश आणि घासायची चकतीही. त्यांनी हौसेने सगळं आणून दिलं. वीस मिनिटांनी पातं चमकायला लागलं आणि मी खूश झाले. मग लक्षात आलं की ते काळंच चमकतंय. खपली निघाली नव्हती, तिला पॉलिश झालं होतं. मी इरेला पेटून टोकाकडे जरा जोर दिला. तिथली खपली खरोखर निघाली, खालचं पांढरं लोखंड दिसलं आणि बघता बघता ते पिवळं, जांभळं, निळं झालं. मोरपिसासारखं. मला वाटलं, वा!

संध्याकाळी काकांना फोन केला, थोडं कौतुक करून घ्यावं म्हणून. निळा रंग म्हटल्यावर ते गप्पच झाले. मग म्हणाले, "टोकाचं पाणी उतरवलंस. आता हात लावू नको. आणि ती खपली घासून जायची नाय, बाय. घासशील तेवढी चकचकीत होईल. आंबटात भिजव रातभर."

"आंबटात म्हणजे कशात?"

"आमसुलं, चिंच, ताक. काय असेल ते. आंबट पायजे."

रात्री भाच्याला विचारलं. तो इंजिनीअरिंगला धातुशास्त्र शिकतो आणि आत्याला काही विचारावंसं वाटलं याचाच त्याला इतका आनंद झाला की तो पाऊण तास बोलला. त्यातलं मला समजलं ते असं. लालभडक लोखंड हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याच्यावर ऑक्साइडचे तीन थर बसतात. सर्वांत वर पातळ तांबूस हेमेटाइट, मध्ये काळं मॅग्नेटाइट आणि अगदी लोखंडाला लागून वुस्टाइट. हे वुस्टाइट ५७० अंशांच्या खाली टिकत नाही, निवताना त्याचं मॅग्नेटाइट आणि लोखंड व्हायला लागतं. खपली कठीण असते, म्हणून कागद बोथट होतो. पण तिला बारीक बारीक भेगा असतात. आंबट पाणी त्या भेगांतून खाली उतरतं, खालचा थर आणि थोडं लोखंड खातं, तिथे हायड्रोजनचे बुडबुडे होतात आणि खपली बुडातून सुटते. म्हणजे जे काम मी वरून करत होते ते खालून व्हायला हवं होतं.

निळ्या रंगाचंही कळलं. पाणी दिलेलं पोलाद दोनशे अंशांच्या पुढे तापलं की रंग बदलत जातं: आधी सुक्या गवतासारखं पिवळट, मग तपकिरी, जांभळं, आणि तीनशेच्या आसपास निळं. रंग चढतो तसा कडकपणा उतरतो. मोरपीस म्हणजे नुकसान. तेव्हा पातं मशिनवर घासायचंच असेल तर हात उघडे ठेवा. बोटाला चटका बसायला लागला की पाण्यात बुडवा. हातमोज्यांमुळे मला ते कळलंच नाही.

आमसुलं वाया घालवायला मन होईना. १० जूनला वाण्याकडून साध्या व्हिनेगरच्या दोन बाटल्या आणल्या, ११० रुपये. बाटलीवर चार टक्के अॅसेटिक अॅसिड लिहिलेलं होतं, तेवढं पुरतं. प्रश्न भांड्याचा होता. स्टीलचं, अॅल्युमिनियमचं, तांब्या-पितळेचं चालणार नाही. काच किंवा प्लास्टिकच हवं. दहा इंचांची वस्तू आडवी बुडवायची तर परातभर व्हिनेगर लागेल. मग नळाच्या सामानाच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा आणि एका बाजूला लावायचं टोपण आणलं, ८५ रुपये. उभ्या पाइपात एक बाटली पुरली. हा शोध माझा स्वतःचा, आणि फजितीही त्यातूनच झाली.

भिजवण्याआधी पातं भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतलं. जळक्या ऑइलचा ओशटपणा राहिला तर आंबट पाणी तिथे लागतच नाही. रात्री नऊला पातं शेपटीला सुतळी बांधून पाइपात सोडलं. पाच-दहा मिनिटांत बारीक बुडबुडे सुरू झाले. घरभर वास. मुलगा म्हणाला, लोणच्याची बरणी फुटली का?

सकाळी सहाला बघते तर पाइपातली पातळी अडीच इंचांनी खाली. टोपण मी नुसतं दाबून बसवलं होतं, चिकटवायचं सोल्युशन लावलं नव्हतं. रात्रभर ठिबकून व्हिनेगर ड्राय बाल्कनीतल्या कडप्प्यावर पसरलं होतं. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबटाने जळतो. काळ्याशार फरशीवर ताटलीएवढा पांढरा डाग. शिवाय पात्याच्या शेपटीकडच्या बुडाशी, जिथे पाणी आणि हवा यांची वेस होती, तिथे एक स्पष्ट रेघ खोल खाल्लेली. अर्धवट बुडालेल्या लोखंडाला पाण्याच्या काठावर आम्ल सर्वांत जास्त लागतं. तेव्हा पूर्ण बुडवा, पातळीवर खूण करा आणि खाली प्लास्टिकचं घमेलं ठेवा.

पण खपली! काथ्या फिरवला आणि ती काजळासारखी हातात आली. दोन दिवस घासून जे झालं नाही ते एका हाताने, जोर न लावता. काळा लगदा निघत होता आणि खाली राखाडी, मंद, दाणेदार पोलाद. मी बेसिनपाशी उभी राहून एकटीच हसले. तेवढ्यात दाराची बेल वाजली. दूधवाल्याचा हिशेब, सुट्टे पैसे, पाच-सात मिनिटं. परत आले तर राखाडी पात्यावर नारिंगी छटा.

हे सगळ्यांचं होतं, असं नंतर कळलं. आम्लातून निघालेलं उघडं लोखंड डोळ्यांदेखत गंजतं. म्हणून बाहेर काढण्याआधीच शेजारी दुसरं भांडं तयार हवं: लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा. त्यात बुडवून काढायचं, धुवायचं, लगेच कोरडं करायचं. मी हेअर ड्रायर वापरला. मग तेलाचा हात. ही पाच मिनिटं कुणी दार वाजवलं तरी उघडू नका.

साठ टक्के खपली गेली होती. उरलेले ठिपके बहुतेक मधल्या भागात, हातोड्याचे खळगे होते तिथे. आणखी एक रात्र व्हिनेगरमध्ये ठेवणार होते, पण भाच्याने हटकलं. कडक पोलाद फार वेळ आम्लात राहिलं तर हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. कमी वेळ आणि मध्ये मध्ये घासणं बरं. त्याच्या सांगण्यावरून १४ जूनला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, आणलं, १०० ग्रॅम ४५ रुपयांना. लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. याला वास नाही, हे मोठंच सुख. टोपण या वेळी सोल्युशनने चिकटवलं होतं. दर दोन तासांनी काढून घासायचं आणि परत ठेवायचं, असे सहा तास. शेवटी नखाएवढे दोन ठिपके सोडता पातं स्वच्छ झालं.

धुतल्याचा काळा गाळ मी एका प्लास्टिकच्या डबीत ठेवला होता. मुलाने डबीखाली फ्रिजवरचं लोहचुंबक धरलं आणि गाळाला काटे फुटले, साळिंदरासारखे. मॅग्नेटाइट. त्या संध्याकाळी तो दप्तर न उघडता तेच खेळत बसला आणि मी काही बोलले नाही. वापरलेलं पाणी फेकताना त्यात सोडा घालत राहिले, फेस येणं थांबेपर्यंत, मग भरपूर पाणी सोडून मोरीत ओतलं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, संडास साफ करायचं अॅसिड वापरलं की काम पाच मिनिटांत. होतं खरं. पण ते हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, वाफ छातीत जाते, आजूबाजूच्या सगळ्या लोखंडी वस्तू गंजतात, आणि चुकून ब्लीचिंगचं काही त्यात मिसळलं तर विषारी वायू होतो. स्वयंपाकघरातल्या वस्तूला मी ते लावणार नाही.

पुढचे तीन आठवडे घासण्याचे. हा भाग सांगण्यासारखा फारसा नाही, तो फक्त लांब असतो. वॉटर पेपर १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचे, सगळे मिळून २४० रुपये. मुलाची जुनी लाकडी फूटपट्टी घेऊन तिच्याभोवती पेपर गुंडाळायचा, कारण नुसत्या बोटांनी घासलं की पातं लाटांसारखं होतं. पातं पाटावर ओलं फडकं घालून त्यावर ठेवायचं, पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा. धार अजून बोथट होती तरी हात नेहमी पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या अलीकडेच थांबवायचा. एका नंबरला आडवं घासलं तर पुढच्याला उभं. त्यामुळे आधीचे ओरखडे कुठे उरलेत ते दिसतं. १२० नंबरला मला पाच संध्याकाळी लागल्या, ६०० ला एकच. घाई करून १२० लवकर सोडलं तर ते ओरखडे ४०० पर्यंत आपल्याकडे बघत राहतात, आणि मग परत मागे.

गंजाने पडलेले खड्डे राहिले. खड्डा घालवायचा म्हणजे अख्खं पातं त्याच्या तळापर्यंत उतरवायचं. एवढी माझी तयारी नव्हती. आतला तांबडा रंग निघेपर्यंत पितळी ब्रशने साफ केलं आणि सोडून दिलं. "पाणीकपात"मधलं अर्धं अक्षर अजून तिथे आहे असा माझा समज आहे. घरात इतर कुणाला ते दिसत नाही.

आता टोक आणि मूठ. काकांकडेच पाठवावं म्हणून ८ जुलैला कुरिअरवाल्याकडे गेले. काउंटरवरच्या मुलाने वस्तू विचारली, मी खरं सांगितलं. मग आधारची प्रत, वस्तूची किंमत, "घरगुती वापरासाठी" असं सहीचं पत्र. पत्रात "सुरी" चालेना, "चाकूचे पाते, मुठीविना" असं पुन्हा लिहून घेतलं. दोन दिवसांनी फोन: वरून नाही म्हणतात, धारदार वस्तू जात नाही, पार्सल घेऊन जा. धार नाही हो अजून त्याला, म्हटलं. "मॅडम, पत्रात तर पातं लिहिलंय." पैसे घेतले नव्हते, एवढं बरं. पार्सल आणलं, पात्याला तेल लावलं, सुती फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. वर्तमानपत्रात नाही, गोणपाटात नाही. दर रविवारी उघडून बघत होते. पावसाळ्यात एकदा शेपटीवर ठिपका दिसला, पुसला, गेला.

गणपती २७ ऑगस्टला होते. आम्ही दोन दिवस आधी गावी गेलो आणि मी सामान टाकून आधी शाळेत. काकांनी पातं उजेडात धरलं, बुडाच्या रेघेवरून नख फिरवलं आणि विचारलं, "हे काय?" मी पाइपाची गोष्ट सांगितली. त्यांनी काही शेरा मारला नाही. टोक त्यांनी पाठीच्या बाजूने ग्राइंडरवर उतरवलं: दोन आकडे मोजायचे, पाण्यात चर्र, परत दोन आकडे. निळा झालेला सगळा भाग गेला आणि सुरी पाव इंचाने आखूड झाली. मग शिवणीच्या लाकडाची मूठ, तोंडाला वसवी म्हणजे धातूचं कडं, आत राळ भरून गरम शेपटी ठोकून बसवलेली. शेवटी दगडावर धार. १५० रुपये.

पुण्यात आल्यावर पहिल्या दिवशी केळफूल चिरलं. केळफूलही काळं, सुरीही काळी, हातही. लोखंडाच्या सुरीचं हे असतंच, केळफुलातल्या तुरट रसाचं लोखंडाशी जमतं आणि काळं होतं. हिरड्याच्या पाण्यात खिळा टाकला तर शाई होते, तसलंच. मग म्हटलं, काळं व्हायचंच असेल तर सगळीकडे सारखं तरी होऊ दे. दोन कप पाण्यात सहा चमचे चहापूड उकळली, गाळून निवू दिली, चमचाभर व्हिनेगर घातलं आणि साबणाने धुतलेलं पातं मुठीपर्यंत अर्धा तास त्यात उभं केलं. लिहायच्या दगडी पाटीसारखा करडा-निळा रंग आला. त्यानंतर गंजाचं प्रमाण खरंच कमी झालंय. नाहीसं नाही.

तेलाबद्दल: खोबरेल मी लावून पाहिलं, पण काही आठवड्यांनी त्याला खवट वास येतो. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, बद्धकोष्ठावरचं, १३० रुपयांची बाटली. पोटात चालतं म्हणजे सुरीला चालतं आणि खवट होत नाही. दुकानदाराने डोस समजावून सांगितला, मी ऐकून घेतला.

सुरीची किंमत धरून सगळे मिळून १,२१० रुपये झाले. कुरिअरच्या झेरॉक्स वेगळ्या.

आता ती खुंटीला टांगलेली असते, वापरली की लगेच धुऊन पुसून. बेसिनमध्ये सोडायची नाही, हा नियम घरात सगळ्यांनी पाळला आहे, नवऱ्याने दोनदा सोडून. भोपळा लोण्यासारखा कापते. कडप्प्यावरचा डाग मात्र कशानेच गेला नाही. त्याच्यावर मी कोरफडीची कुंडी ठेवली आहे.